मतदाराच्या वतीने विचारलेला प्रश्न : अमेरिकेतील साप्ताहिक राजकीय मुलाखतीचा इतिहास (१९३५ ते २०२४)

प्रस्तावना

राजकीय मुलाखतीचा इतिहास सामान्यतः मुलाखत देणाऱ्याच्या अंगाने लिहिला जातो. कोणता नेता कोणत्या दिवशी काय बोलला, त्याच्या उत्तराने कोणते वादळ उठले, याची नोंद राहते. प्रश्न कोणाचा होता, ही बाब मागे पडते. वास्तविक लोकशाहीत पुढाऱ्यासमोर बसून प्रश्न विचारणारा मनुष्य स्वतःच्या नावाने विचारीत नसतो. तो मतदारांच्या वतीने विचारतो, अशी एक मूक समजूत त्या बैठकीमागे असते. हे मुखत्यारपत्र त्याला कोणी दिले, आणि ज्याच्या नावाने तो बोलतो त्या मतदाराला त्या खोलीत कोठे जागा होती, या अंगाने अमेरिकन संयुक्त संस्थानांतील साप्ताहिक राजकीय मुलाखतीकडे पाहिले, तर नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि पॉडकास्ट या तीन माध्यमांचा इतिहास निराळाच दिसू लागतो. इंटरनेटवरून सवडीने ऐकावयाची ध्वनिमुद्रित मालिका म्हणजे पॉडकास्ट. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर या माध्यमाचे वर्णन ‘क्रांती’ या शब्दाने करण्याची पद्धत पडली आहे. तो शब्द सैल आहे. जी गोष्ट नवी म्हणून सांगितली जाते, तिचा बराचसा भाग १९३५ मध्येच अस्तित्वात होता. आणि जी खरोखर नवी आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

नगरसभा नभोवाणीवर

१९३५ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या वर्षी जॉर्ज गॅलप यांनी लोकमताचे नियमित मापन करणारी आपली संस्था स्थापन केली. आणि याच वर्षी ३० मे रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधून ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ हा साप्ताहिक कार्यक्रम एन.बी.सी.च्या ‘ब्लू’ जाळ्यावरून सुरू झाला. मतदाराच्या मनात काय आहे हे जाणण्याचे दोन मार्ग एकाच वर्षी उघडले. एकात मतदाराला प्रश्न विचारला जात होता, तर दुसऱ्यात मतदार प्रश्न विचारीत होता. पुढील सर्व इतिहास या दोन मार्गांच्या ओढाताणीचा आहे.

टाउन हॉल ही वास्तू १९२१ मध्ये ‘लीग फॉर पोलिटिकल एज्युकेशन’ने उभारली. ही संस्था १८९४ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी काढलेली होती. म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांच्या राजकीय शिक्षणातून हे सभागृह निर्माण झाले. कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जॉर्ज डेनी यांची कल्पना न्यू इंग्लंडमधील जुन्या नगरसभेची होती. दवंडीवाल्याच्या घंटेने सभा सुरू होई, भिन्न मतांचे वक्ते बोलत, आणि नंतर सभागृहातील श्रोते त्यांना थेट प्रश्न विचारीत. पहिल्याच सभेचा विषय साम्यवाद, फॅसिझम, समाजवाद की लोकशाही, अमेरिकेने कोणती वाट धरावी, हा होता. महामंदीच्या छायेत हा पंडिती विषय नव्हता. गावोगावी लोक एकत्र जमून हा कार्यक्रम ऐकत आणि ऐकून झाल्यावर आपापसांत वाद घालीत. सभेचा वृत्तान्त छापून विकला जाई.

याच काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची नभोवाणीवरील ‘शेकोटीजवळची भाषणे’ अधिक गाजली. १२ मार्च १९३३ रोजी बँकांच्या संकटावर केलेले त्यांतील पहिले भाषण प्रसिद्ध आहे. परंतु तेथे श्रोत्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपुलकीचा स्वर आणि उत्तरदायित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रूझवेल्ट यांच्या भाषणांत पहिली भरपूर होती, डेनींच्या सभेत दुसरीची निदान शक्यता होती. पॉडकास्टचा विचार करताना हा भेद पुन्हा उपयोगी पडेल.

डेनींच्या सभेच्या मर्यादाही उघड होत्या. न्यूयॉर्कच्या सभागृहात येणारा श्रोता हा साऱ्या देशाचा मतदार नव्हता. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या, त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्ट यांच्या पराभवाचे भाकीत केले. ते साफ चुकले. दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून मतदार शोधण्याचा तो परिणाम होता, शिवाय पत्रिका परत पाठविण्याचा उत्साह सर्व थरांत सारखा नव्हता. गॅलप यांचे अनुमान लहान नमुन्यावर आधारलेले असूनही बरोबर ठरले. जो स्वतःहून बोलतो तो सर्वांच्या वतीने बोलतोच असे नाही, हा धडा तेव्हा मिळाला होता. १९५६ मध्ये टाउन मीटिंग बंद पडली, तोपर्यंत मतदाराच्या जागी दुसराच कोणी बसला होता.

पत्रकार : मतदाराचा स्वयंनियुक्त मुखत्यार

१९४५ मध्ये मार्था राउंट्री आणि लॉरेन्स स्पिवाक यांनी ‘मीट द प्रेस’ हा कार्यक्रम नभोवाणीवर आणला. ६ नोव्हेंबर १९४७ रोजी तो एन.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर आला. जेम्स फार्ली हे पहिले पाहुणे होते. राउंट्री याच पहिल्या सूत्रसंचालक होत्या. त्यांनी १९५३ मध्ये कार्यक्रम सोडला आणि त्यानंतर त्या खुर्चीवर कायमस्वरूपी दुसरी स्त्री, क्रिस्टन वेल्कर, बसायला २०२३ साल उजाडले. कार्यक्रमाची रचना पत्रकार परिषदेसारखी होती. समोर एक नेता आणि त्याला घेरून बसलेले पत्रकार. सभागृहातील श्रोता येथे नाहीसा झाला. त्याच्याऐवजी विचारणारे चौघे व्यावसायिक होते आणि मतदार घरी बसून पाहत होता.

या बदलाने काय साधले, हे २७ ऑगस्ट १९४८ च्या प्रसंगावरून कळते. व्हिटेकर चेंबर्स यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे ॲल्जर हिस हे साम्यवादी असल्याची साक्ष दिली होती. समितीपुढील साक्षीला कायद्याचे संरक्षण असते. ‘मीट द प्रेस’मध्ये पत्रकाराने त्यांना हाच आरोप संरक्षणाबाहेर येऊन कराल का, असे विचारले आणि चेंबर्स यांनी तो केला. हिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यातून कागदपत्रे बाहेर आली, आणि जानेवारी १९५० मध्ये शपथेवर खोटे बोलल्याबद्दल हिस दोषी ठरले. सभागृहातील सामान्य श्रोत्याला असा प्रश्न सुचला नसता. त्याला कायद्यातील ती फट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. व्यावसायिक पत्रकाराचे बळ हे की, उत्तर मिळाल्यावर तो थांबत नाही. आपल्याकडील विधिमंडळाच्या भाषेत सांगायचे तर त्याच्याजवळ पुरवणी प्रश्न असतो.

पण मुखत्यार कोणाचा, हा प्रश्न सुटला नाही. १७ एप्रिल १९६० रोजी मार्टिन ल्यूथर किंग या कार्यक्रमात आले. दक्षिणेतील उपाहारगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थी शांतपणे बसून सेवा मागत होते, तो हा काळ. स्पिवाक यांच्या प्रश्नाचा रोख असा होता की, कायदा मोडण्याऐवजी त्या दुकानांवर बहिष्कार घातला असता तर चळवळीची बाजू अधिक भक्कम झाली नसती का? प्रश्न उद्धट नव्हता. किंग यांना बोलण्यास पुरेसा अवकाशही मिळाला. परंतु ती चिंता गोऱ्या प्रेक्षकाची होती. अलाबामा किंवा मिसिसिपीत ज्याला नावनोंदणीच्या कचेरीतून परत पाठविले जात होते, त्याची नव्हती. १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य लोक मतदार यादीतच नव्हते आणि ज्याचे नाव यादीत नाही, त्याची काळजी प्रश्नावलीतही येत नसे. ‘मतदारांच्या चिंता’ हा शब्दप्रयोग वापरताना हा तपशील विसरता येत नाही.

कायद्याने या मुखत्यारीला एक चौकटही दिली. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या ३१५ व्या कलमानुसार एका उमेदवाराला प्रक्षेपणाची वेळ दिली, तर प्रतिस्पर्ध्यांनाही तेवढीच संधी देणे केंद्रावर बंधनकारक होते. १९५९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाच्या निवडणुकीत लार डेली नावाच्या एका विक्षिप्त उमेदवाराने, जो अंकल सॅमचा पोशाख करून हिंडत असे, बातम्यांत दाखविलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या दृश्यांइतकी वेळ मागितली आणि केंद्रीय दळणवळण आयोगाने ती मान्य केली. वृत्तसंस्था हबकल्या. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून बातमीपत्र आणि नियमित, सद्हेतूने घेतलेली वृत्तमुलाखत यांना सूट दिली. साप्ताहिक मुलाखतीचे पुढील अर्धशतकाचे वैभव या सुटीवर उभे आहे. सूट मात्र एका गृहीतावर होती. पाहुणा आणि प्रश्न कोणते, हे पक्षाच्या सोयीने ठरणार नाही, तर बातमीच्या मूल्याने ठरेल, हे ते गृहीत. १९४९ मध्ये आलेले समतोलाचे तत्त्व, म्हणजे वादग्रस्त विषयाची दुसरी बाजू मांडण्याचे केंद्रावरील बंधन, १९८७ मध्ये आयोगाने सोडून दिले. ३१५ वे कलम मात्र टिकले.

टिम रसर्ट यांच्या काळात (१९९१ ते २००८) चौघा पत्रकारांच्या जागी एकच प्रश्नकर्ता उरला. पाहुण्याचे जुने वक्तव्य पडद्यावर दाखवून आजच्या वक्तव्याशी ताडून पाहणे, ही त्यांची पद्धत होती. ती कठोर मानली गेली. तरीही २००७ मध्ये लुईस लिबी यांच्यावरील खटल्यात उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या प्रसिद्धी-प्रमुखांनी साक्ष दिली की, आपला संदेश आपल्या नियंत्रणात ठेवण्यासाठी हाच कार्यक्रम सर्वांत सोयीचा समजला जात असे. मुखत्यार कितीही तयारीचा असला, तरी समोरचा पक्ष त्याची पद्धत शिकून घेतो. १६ मार्च २००३ रोजी, इराक युद्धाला चार दिवस असताना, चेनी यांनी याच खुर्चीवरून अमेरिकन सैन्याचे स्वागत मुक्तिदाते म्हणून होईल, असे सांगितले होते.

मतदाराचे पुनरागमन

मतदाराला पुन्हा खोलीत आणण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले. ५ मार्च १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी वॉल्टर क्रॉन्काइट यांना शेजारी बसवून दोन तास नभोवाणीवर नागरिकांचे दूरध्वनी घेतले. संपर्काचे प्रयत्न नव्वद लाखांच्या वर झाल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात बोलता आले ते ४२ जणांना. १९७९ मध्ये सुरू झालेल्या सी-स्पॅन वाहिनीने १९८० पासून दूरध्वनीवरील प्रश्नोत्तरे नियमित केली.

या प्रयत्नांचा सर्वांत बोलका प्रसंग १५ ऑक्टोबर १९९२ चा. रिचमंड येथील अध्यक्षीय वादसभेत निर्णय न झालेले सुमारे दोनशे मतदार स्वतः प्रश्न विचारीत होते. एका तरुण स्त्रीने तिन्ही उमेदवारांना विचारले की, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि झाला नसेल तर सामान्य माणसाच्या आर्थिक दुखण्यावर तुम्हांला उपाय कसा सापडणार? प्रश्न चालू असताना राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी घड्याळाकडे पाहिले; कॅमेऱ्याने ते टिपले आणि इतिहासात तेवढेच राहिले. त्याहून महत्त्वाचे पुढे घडले. बुश व्याजदरांविषयी बोलू लागले आणि मग प्रश्न आपल्याला नीट कळत नसल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. तांत्रिक दृष्टीने त्यांचा गोंधळ समजण्यासारखा होता, कारण ‘राष्ट्रीय कर्ज’ हा शब्द तेथे चुकला होता. सूत्रसंचालिका कॅरोल सिम्प्सन यांनी मध्ये पडून, प्रश्नकर्तीला मंदी आणि लोकांच्या आर्थिक अडचणी अभिप्रेत असाव्यात, असे स्पष्ट केले. बिल क्लिंटन तिच्याजवळ चालत गेले आणि तिच्यावर त्याचा काय परिणाम झाला, असे त्यांनी तिलाच उलट विचारले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा क्लिंटन यांच्या अभिनयकौशल्याचा नमुना म्हणून केले जाते. तो अर्थ अपुरा आहे. मतदाराची चिंता नेहमी योग्य पारिभाषिक शब्दांत येत नाही. नोकरी गेली, घराचा हप्ता थकला, शेजारचा कारखाना बंद पडला, हे सर्व तिने वर्तमानपत्रात रोज दिसणाऱ्या एका शब्दात कोंबले होते. सर्वेक्षणाच्या रकान्यात ते उत्तर ‘कर्ज’ या मथळ्याखाली गेले असते आणि पत्रकाराने विचारलेला प्रश्न बिनचूक असला तरी त्यात ती धग नसती. तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ज्याचे दुखणे तोच बोलत होता, बोलण्याचा अर्थ उलगडून देणारी व्यक्ती मध्ये होती, आणि ज्याने उत्तर द्यायचे तो समोर होता. या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून येणे अमेरिकेच्या राजकीय मुलाखतीत फार क्वचित घडले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत रॉस पेरो यांनी लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात आपल्या उमेदवारीचे सूतोवाच केले आणि पुढे जवळजवळ १९ टक्के मते मिळविली. गप्पांच्या कार्यक्रमातून राजकारण करता येते, हे पुढाऱ्यांच्या ध्यानात आले ते तेव्हा.

पॉडकास्ट : मुखत्यार की सोबती?

पॉडकास्टचा प्रारंभच मुलाखतीने झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २००३ च्या उन्हाळ्यात बॉस्टनचे अनुभवी पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांनी संगणकतज्ज्ञ डेव्ह वायनर यांच्या साहाय्याने आपल्या ध्वनिमुद्रित मुलाखती इंटरनेटवरून वितरित केल्या. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये ‘गार्डियन’मधील बेन हॅमर्सली यांच्या लेखात अवतरला, २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये या मालिकांना स्थान दिले. जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा विनोदकार मार्क मॅरन यांच्या लॉस एंजलिसमधील घराच्या गॅरेजमध्ये जाऊन तासभर बोलले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी ‘कॉल हर डॅडी’ला, तर डोनाल्ड ट्रम्प यांनी जो रोगन यांना मुलाखत दिली. ट्रम्प यांची मुलाखत सुमारे तीन तास चालली, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी रोगन यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला.

पॉडकास्टच्या यशाचे कारण म्हणून लांबीचा उल्लेख होतो. तीन तास कोणी मुखवटा धारण करू शकत नाही, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तथ्य थोडेच. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालकाशी प्रेक्षकाचे एकतर्फी मैत्रीचे नाते जडते. पॉडकास्ट हे नाते कानात, एकांतात, रोजच्या प्रवासात नेऊन ठेवते. येथे सूत्रसंचालक मतदाराचा मुखत्यार राहत नाही, तो त्याचा सोबती होतो आणि सोबती हा पाहुण्याचे आदरातिथ्य करतो. मैफलीत पुरवणी प्रश्न उद्धटपणाचा ठरतो. शिवाय ३१५ वे कलम आणि त्यातील सूट, दोन्ही प्रक्षेपण केंद्रांपुरती आहेत. दळणवळण लहरी मर्यादित आहेत म्हणून शासनाला नियम करता येतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या रेड लायन प्रकरणात उचलून धरले होते. इंटरनेटवर ती मर्यादाच नाही. पाहुणा बातमीच्या मूल्याने निवडला जाईल, हे १९५९ चे गृहीत येथे कोणावरही बंधनकारक नाही. पॉडकास्टमधील खरी नवी गोष्ट ही आहे; आपुलकीचा स्वर रूझवेल्ट यांच्यापासून चालत आला आहे.

मतदार मात्र एका वेगळ्याच दाराने आत आला आहे. त्यासाठी पुन्हा नभोवाणीकडे वळावे लागते. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड यांनी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना नभोवाणी संशोधनाचा एक प्रयोग दाखविला. श्रोते कार्यक्रम ऐकताना आवडनावड दर्शविण्यासाठी हिरवी वा तांबडी कळ दाबीत, आणि मग त्यांना कारणे विचारली जात. मर्टन यांनी त्या विचारपुशीला शास्त्रीय शिस्त लावली. त्यातून ‘फोकस ग्रुप’ ही पद्धत आकाराला आली. आठ-दहा माणसांना एकत्र बसवून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणारी ही पद्धत आधी जाहिरातदारांनी आणि मग राजकीय सल्लागारांनी उचलली. १९८५ मध्ये स्टॅन्ली ग्रीनबर्ग यांनी मिशिगनच्या मॅकम परगण्यात असे गट घेतले. १९६० मध्ये केनेडी यांना आणि १९८४ मध्ये रेगन यांना तेवढ्याच उत्साहाने मते देणारा हा कामगारवस्तीचा प्रदेश. ग्रीनबर्ग यांना तेथे पगाराची व नोकरीची चिंता सापडली, आणि तिच्यात गुंतलेला कृष्णवर्णीयांविषयीचा उघड रोषही सापडला. मतदाराची चिंता ऐकणे म्हणजे केवळ सहानुभूतीयोग्य तेच ऐकणे नव्हे.

हे अहवाल त्या काळी पक्षाच्या कचेरीत जात. सेरा लॉन्गवेल यांच्या ‘द फोकस ग्रुप’ या पॉडकास्टने त्यांतील आवाजच बाहेर आणले. लॉन्गवेल या रिपब्लिकन पक्षात घडलेल्या आणि ट्रम्प यांच्या उघड विरोधक असलेल्या राजकीय कार्यकर्त्या आहेत. कार्यक्रमाची घडण साधी आहे. निरनिराळ्या मतदारगटांशी झालेल्या बैठकींतील तुकडे वाजवायचे, आणि एखाद्या पत्रकाराला किंवा सल्लागाराला बोलावून त्यांवर चर्चा करायची. किराणा मालाच्या किमती, घरभाडे, राष्ट्राध्यक्षांचे वय, स्थलांतर, गर्भपाताचा कायदा हे विषय येथे तज्ज्ञाच्या भाषेत येत नाहीत. मतदाराच्या अडखळत्या, पुष्कळदा स्वतःशीच विसंगत असणाऱ्या वाक्यांत येतात. एकच मतदार एका श्वासात एखाद्या उमेदवाराला नावे ठेवतो आणि दुसऱ्या श्वासात त्यालाच मत देणार असल्याचे सांगतो. सर्वेक्षणाच्या टक्केवारीत न दिसणारे हे द्वंद्व ऐकू येणे, हे या कार्यक्रमाचे मोल आहे. आठ-दहा माणसे नमुना म्हणून अपुरी आहेत, आणि कोणता तुकडा ऐकवायचा हे ज्याची बाजू ठरलेली आहे तोच ठरवितो, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण लॉन्गवेल आपली भूमिका झाकून ठेवीत नाहीत, आणि ‘मीट द प्रेस’मधील चौघांची निवड तरी कोणी मतदाराला विचारून केली होती?

अधिक गंभीर उणीव निराळी आहे. रिचमंडच्या सभेत बोलणारी स्त्री आणि उत्तर देणारे उमेदवार एका छताखाली होते. येथे मतदार बोलतो, विश्लेषक त्याचा अर्थ लावतो आणि पुढारी दुसऱ्याच कोणा सूत्रसंचालकाच्या खोलीत तीन तास गप्पा मारीत असतो. २०२४ च्या मतदानोत्तर पाहणीत सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी देशाची आर्थिक स्थिती चांगली नसल्याचे सांगितले. ही तक्रार त्यापूर्वी दोन वर्षे अशा ध्वनिमुद्रणांत जवळजवळ प्रत्येक गटाच्या तोंडी होती. ती ऐकणारे पुष्कळ होते. ऐकून झाल्यावर, उत्तर देण्यास बांधलेल्या माणसाला ती त्याच्या समोर बसून विचारण्याचे काम कोणत्याही एका कार्यक्रमाकडे उरलेले नव्हते.